थिबा राजाचं दफन : सव्वादोन वर्षं अडकून पडलेलं प्रकरण

रत्नागिरीतल्या कुठल्याही पोराला विचारा थिबा राजवाडा कुठे, डोळे मिटून सांगेल. थिबा पॉइंट विचारा, तर तिथे भाट्याच्या खाडीवरचा सूर्यास्त किती वाजता चांगला दिसतो तेही सांगेल. पण ब्रह्मदेशातून इथे आणलेल्या या थिबा राजाला पुरलाय कुठे असं विचारलं की निम्मे लोक एकदम गप्प होतात, नाहीतर "राजवाड्याच्या मागेच असेल ना" म्हणतात. मीही त्या निम्म्यांतलाच होतो. शाळेत असताना दोन सहली राजवाड्यात गेल्या, दोन्ही वेळा मी रंगीत काचांच्या खिडक्या बघितल्या आणि मागच्या बाजूच्या बुद्धमूर्तीसमोर फोटो काढला, पण हा माणूस मेल्यावर त्याचं काय झालं हा प्रश्न डोक्यात आलाच नाही. आणि कबर माझ्या आत्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, शिवाजीनगरात!

मागच्या श्रावणात मुंबईच्या एका मित्राचा फोन आला, त्याच्या ऑफिसातला एक बर्मी मुलगा आणि त्याची आत्या रत्नागिरीला येतायत, तू तिथला ना, जरा बघ. मी म्हटलं येऊ देत, गणपतीच्या आधी घर साफ करायला मी येणारच होतो. मांडवी एक्सप्रेसने आले दोघं. बाई साठीच्या, शिक्षिका होत्या म्हणे, साधी लुंगीसारखी नेसलेली, केसात फूल. स्टेशनवरून निघाल्यावर मी नेहमीसारखं सुरू केलं की आधी राजवाडा, मग पॉइंट, मग मांडवी. बाईंनी पुतण्याला हळूच काहीतरी सांगितलं आणि तो मला म्हणाला, आधी कबर. राजवाडा नंतर जमला तर.

मला रस्ताच माहीत नव्हता हो. गूगल मॅप काढला, रिक्षावाले काका आरशातून बघत होते, म्हणाले, "ठेवा तो फोन खिशात, मी नेतो."

आता हे प्रकरण समजायला थोडं मागे जावं लागतं, तेवढं सांगून टाकतो.

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाउंग घराण्याचा शेवटचा राजा. जन्म १८५९, गादीवर आला १८७८ साली, बाप मिंडॉन गेल्यावर, म्हणजे विशीच्या आत. १८७९ मध्ये राजवाड्यात भाऊबंदांची मोठी कत्तल झाली, गादीला कुणी दावेदार नको म्हणून, आणि तिचं खापर राजापेक्षा सुपयालत राणीवर आणि तिच्या आईवर जास्त फुटलं. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाशी तिसरं युद्ध काढलं, युद्ध कसलं, पंधरा दिवसांत आटपलं, राजधानी मंडाले पडलं आणि राजा-राणीला बोटीत बसवून इरावती नदीतून खाली नेलं. १ जानेवारी १८८६ ला सगळा ब्रह्मदेश खालसा. राजाला आधी मद्रासला ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये आणलं रत्नागिरीला.

रत्नागिरीच का? तेव्हा इथे रेल्वे नाही (ती आली शंभराहून जास्त वर्षांनी), यायचं तर समुद्रातून, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की चार महिने जगाशी संबंध नाही. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. कैदी ठेवायला याहून स्वस्त भिंती कुठे मिळणार? पुढे सावरकरांना १९२४ पासून स्थानबद्ध ठेवलं तेही याच गावात, त्यामुळे ही निवड एकदाची चूक नव्हती, सरकारला गावाचा गुण ठाऊक होता.

राजाने राज्य केलं सात वर्षं आणि रत्नागिरीत राहिला तीस वर्षं. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा मलाच विचित्र वाटलं. आणि त्या तिसातली राजवाड्यात फक्त शेवटची सहा, कारण राजवाडा झालाच १९१० मध्ये, त्याआधी सगळं आयुष्य सरकारी बंगल्यांत. आपण टूरिस्टला राजवाडा असा दाखवतो जणू तो तिथेच राहत होता. कडेकोट पहारा, कोण भेटायला येणार त्याची परवानगी, पेन्शन सरकार देईल तेवढी, आणि खर्च राजाचा! मग सोबत आणलेले दागिने, माणकं एकेक करून विकायची वेळ आली. चार मुली, थोरल्या दोघी मंडालेतल्या, तिसरी मद्रासची, चौथी इथे रत्नागिरीत जन्मलेली. त्यांना शोभेसा राजघराण्यातला नवरा कुठून आणणार म्हणून राजा असेपर्यंत लग्नं नाहीत. असं ते घर.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

राजाची धाकटी राणी, सुपयागले, म्हणजे सुपयालतची सख्खी बहीण (हो, दोघी बहिणी एकाच राजाला दिलेल्या आणि नात्याने राजाच्या सावत्र बहिणीही), ती १९१२ मध्ये वारली. तिला पुरलं नाही, देह पेटीत बंद करून राजवाड्याच्या आवारातच ठेवला. कारण घरच्यांचं म्हणणं सरळ होतं, आज ना उद्या आपण ब्रह्मदेशात परत जाणार, तेव्हा तिला सोबत नेऊ. मग डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला, हृदयविकाराने, वय ५७. त्याचाही देह तसाच ठेवला. आता दोन पेट्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, नाहीतर आपल्याला हे सगळं भयंकर वाटतं. आपल्याकडे माणूस गेला की चार तासांत स्मशानात, "किती वेळ ठेवणार" हा पहिला प्रश्न. ब्रह्मदेशात तसं नाही, मोठ्या भिक्खूंचा देह अंत्यविधीच्या आधी कित्येक महिने जतन करून ठेवायची पद्धत आहे, लोक येऊन नमस्कार करून जातात. त्यामुळे उशीर ही त्या घराला लाजेची गोष्ट नव्हतीच. भांडण होतं ते जागेवरून. मिंडॉन राजाची समाधी मंडालेच्या राजवाड्याच्या आवारात आहे, थिबाची जागाही तिथेच, बापाजवळ, असं राणीला वाटलं तर त्यात वावगं काय?

सरकारला मात्र वावगं वाटलं, आणि सरकारच्या बाजूने विचार केला तर तेही कळतं. १८८५ मध्ये मंडाले दोन आठवड्यांत पडलं तरी पुढची चार-पाच वर्षं गावोगावचे पुढारी आणि राजघराण्यातली पोरं जंगलातून लढत राहिली होती, ते मोडून काढायला इंग्रजांचं जेवढं सैन्य लागलं तेवढं मूळ युद्धालाही लागलं नव्हतं. आणि १९१६ म्हणजे पहिलं महायुद्ध ऐन भरात. अशा वेळी शेवटच्या राजाचा देह रंगूनच्या बंदरात उतरवायचा, इरावतीतून वर मंडालेला न्यायचा, वाटेत प्रत्येक घाटावर लोक जमणार. कुठला अधिकारी सही करेल त्या कागदावर? जिवंत राजाला रत्नागिरीत तीस वर्षं सांभाळता आलं, पहारा ठेवला, पत्रं उघडून वाचली. मेलेल्या राजावर पहारा ठेवता येत नाही.

मग सरकार म्हणतं इथेच पुरा, आणि राणी म्हणते नाही. सुपयालतबद्दल सगळीकडे वाईटच लिहिलेलं सापडतं, हट्टी, गर्विष्ठ, कजाग, राज्य हिच्यामुळे बुडालं वगैरे. असेल बाबा. पण १९१६ नंतरची तिची परिस्थिती बघा. राज्य नाही, नवरा नाही, पैसा सरकारच्या हातात, परत जायची परवानगी नाही, मुलींचं भवितव्य अधांतरी. तिच्या हातात एकच गोष्ट उरली होती जी सरकारला हवी होती आणि ती देत नव्हती, ती म्हणजे त्या दोन पेट्यांचा ताबा. मला तरी तिच्या हट्टात वेडेपणा दिसत नाही, तिच्याकडे वाटाघाटीला दुसरं काही नव्हतंच.

असे दिवस गेले, १९१७ गेलं, १९१८ गेलं, महायुद्ध संपलं. आता राजकुटुंबाला ब्रह्मदेशात परत पाठवायला सरकार तयार झालं. पण बायका-मुलींना, देहांना नाही. म्हणजे फाइल बंद व्हायची तर आधी दफन व्हायला पाहिजे. मार्च १९१९ मध्ये सरकारने राणीची संमती नसताना दोन्ही पेट्या उचलल्या आणि ख्रिश्चन कब्रस्तानाला लागून भिंत घातलेल्या छोट्या जागेत, तिथे बांधलेल्या थडग्यात ठेवून दिल्या. राणी गेली नाही, मुली गेल्या नाहीत. त्यानंतर लगेच कुटुंब बोटीने रंगूनला निघालं.

म्हणजे बघा, १९१२ ते १९१९ सुपयागले सहा वर्षांहून जास्त काळ मातीविना, राजा सव्वादोन वर्षं, आणि शेवटी माती दिली ती सरकारी बंदोबस्ताने. आपण त्या बांधकामाकडे बघून "स्मारक" म्हणतो, पण ते बांधताना कुणाला राजाचं स्मरण करायचं नव्हतं, विषय संपवायचा होता. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे, बाकी तपशील.

कोकणात नाव असलेल्या माणसांच्या समाध्या-कबरी काय कमी नाहीत. अलिबागला कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, १७२९ मध्ये गेले, आणि ती आहे कुलाबा किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, ज्या समुद्रावर त्यांनी इंग्रजांना आणि पोर्तुगीजांना घाम फोडला त्याच्या काठाला. मुरूडजवळ खोकरीला जंजिऱ्याच्या सिद्द्यांचे घुमट आहेत, दगडी, नक्षीदार, आपल्या मुलखात, आपल्या पैशाने उभे केलेले. नवगावला बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, जुनं कब्रस्तान आहे, त्यांचे पूर्वज जहाज फुटून तिथल्या किनाऱ्याला लागले आणि जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं असं ते लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. पहिले दोघे आपापल्या सत्तेच्या जागी, तिसरे समुद्राने जिथे टाकलं तिथे. थिबा यात कुठेच बसत नाही. त्याला ना सत्तेने तिथे ठेवलं (म्हणजे त्याच्या सत्तेने), ना समुद्राने. त्याला कागदाने ठेवलं.

त्याच्याशी जोडी जुळते ती फक्त एकाची, आणि तो पुरलाय रंगूनला. बहादूरशाह जफर. १८५७ नंतर दिल्लीच्या बादशहाला इंग्रजांनी रंगूनला नेलं, तो ७ नोव्हेंबर १८६२ ला गेला आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत त्याला पुरून टाकलं, वर गवत वाढू दिलं, कुंपण कुजून जाईल आणि जागा कुणाला सापडणार नाही अशी व्यवस्था केली. झालंही तसंच, मूळ कबर सापडली ती १९९१ मध्ये, गटारासाठी खोदताना. एकाला काही तासांत मातीआड केलं, दुसऱ्याला इतकी वर्षं मातीच मिळेना. पद्धत उलटी पण हेतू तोच, मेलेल्या राजाभोवती माणसं जमू नयेत. दिल्लीचा रंगूनला आणि मंडालेचा रत्नागिरीला! हे वाचून मला हसूच आलं खरं तर, म्हणजे त्या अधिकाऱ्यांकडे एक नकाशा असेल आणि त्यावर राजे इकडून तिकडे सरकवत बसले असतील. आमच्याकडे गप्पांत कुणीतरी म्हणतोच, अदलाबदल करून टाका ना, तुमचा तुम्ही न्या, आमचा आम्हाला द्या. बोलायला सोपं आहे. जफर आता तिथल्या लोकांचा पीर झालाय, दर्ग्यावर चादरी चढतात, तो कोण देणार?

सुपयालतचं पुढे काय झालं तेही सांगतो कारण ते याच प्रकरणाचा दुसरा भाग आहे. ती रंगूनला राहिली, १९२५ मध्ये गेली. तिलाही मंडालेत जागा मिळाली नाही, रंगूनमध्येच श्वेडगॉन पॅगोडाच्या पायथ्याशी पुरली. पुढे तिच्या शेजारच्या जागी ऊ थांट आले, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ते. आणि त्यांच्या देहावरूनही १९७४ मध्ये रंगूनात केवढा राडा झाला, सरकार साध्या स्मशानात पुरायला निघालं तर विद्यार्थ्यांनी पेटीच पळवली, लष्कर आलं, गोळीबार झाला. म्हणजे १९१६ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याला जी भीती वाटली ती अगदीच खोटी नव्हती म्हणायची. फक्त राज्य करणारे बदलले होते.

तर नवरा आणि धाकटी बहीण रत्नागिरीला एका भिंतीत, आणि थोरली राणी रंगूनला एकटी. शंभर वर्षं झाली.

थोरली राजकन्या मात्र परत आली. तिची गोष्ट रत्नागिरीत अजून दबक्या आवाजात सांगतात, खरं तर दबकायचं काही कारण नाही. राजाकडे दरवान असलेल्या गोपाळ सावंतांशी तिचे संबंध जुळले, १९०६ मध्ये मुलगी झाली, टूटू. सावंतांचं आधीच लग्न झालेलं होतं. १९१९ ला आईबरोबर ब्रह्मदेशात गेलेली ही राजकन्या थोड्याच काळात मुलीला घेऊन रत्नागिरीला आली ती कायमची, हलाखीत राहिली आणि १९४७ मध्ये इथेच गेली. टूटू इथेच वाढली, इथेच लग्न झालं, कागदाची फुलं करून विकायची, मराठीच बोलायची, आणि २००० साली गेली. कोनबाउंग राजाची नात, आणि आमच्या आत्याने तिला बाजारात बघितलेलं! आत्याला विचारलं कशी होती गं, तर म्हणाली, "कशी म्हणजे? आपल्यासारखीच. डोळे तेवढे बारीक. घासाघीस नाही करायची हो फुलांच्या पैशाची." बस्स, एवढंच. आत्याला यात इतिहास वगैरे काही वाटत नव्हतं आणि मला राग आला की हे तू मला तीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस. "तू विचारलंस कधी?" म्हणाली. बरोबरच आहे.

आता परत त्या श्रावणातल्या दुपारी येतो.

रिक्षावाल्या काकांनी गल्लीच्या तोंडाशी थांबवलं. आजूबाजूला घरं, बिल्डिंगी, कुणाच्या तरी गॅलरीत ओले कपडे, कुकरची शिट्टी. मधेच ती भिंतीतली जागा. पावसाने जांभ्यावर हिरवंगार शेवाळ, पायरीवर पाय घसरेल असं. मला वाटलं होतं बाई रडतील किंवा काहीतरी, त्यांनी तसं काही केलं नाही. चपला काढल्या, पिशवीतून एक जुना टॉवेल काढला आणि चौथऱ्याचा एक कोपरा, साधारण पाटाएवढा, शांतपणे पुसायला लागल्या. शेवाळ निघेना तर नखाने. पुतण्या म्हणाला राहू दे, तर त्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर जगातल्या सगळ्या आत्यांची सारखीच असते बहुतेक.

मग मेणबत्ती लावायची होती. काडेपेटी त्यांची, माझ्याकडे लायटर नाही, आणि काड्या सर्दावलेल्या, श्रावणातली हवा, सात-आठ काड्या नुसत्या गुलाला ओरखडे पाडून मोडल्या. रिक्षावाले काका बाहेर उभे राहून बघत होते, आले आत, स्वतःची काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली ती काढली, ओंजळ धरली, पहिल्या काडीला पेटली. आणि बाईंनी हात जोडून म्हणायला सुरुवात केली, नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स. उच्चार वेगळे, बर्मी धाटणीचे, "स" च्या जागी त-थ सारखं काहीतरी ऐकू येत होतं, मला आधी कळलंच नाही काय म्हणतायत. काकांना कळलं. दुसऱ्या वेळेला ते सोबत म्हणायला लागले, आपल्या मराठी उच्चारात, मग बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं, संघं, सगळं अगदी पाठ. बाई क्षणभर थांबल्या, डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि परत मिटले. दोघांची लय जुळत नव्हती, एक पुढे एक मागे. मी मधे उभा, मला दोन ओळींच्या पुढे येत नाही.

नंतर काकांनी सांगितलं ते मंडणगडकडचे. आंबडव्याचं नाव त्यांनी अभिमानाने घेतलं, बाबासाहेबांचं मूळ गाव, त्यांच्या गावापासून लांब नाही. त्यांच्या घरात छप्पन सालापासून बुद्धवंदना. बाबासाहेब १९५४ मध्ये रंगूनला बौद्ध परिषदेला गेले होते, हे मी माहिती म्हणून सांगायला गेलो तर काका म्हणाले, "ते आम्हाला तुम्ही नका सांगू." हे मात्र मला अजून डोक्यातून जात नाहीये. १९१९ मध्ये राजाला इथे ठेवलं तेव्हा त्याच्याबरोबर आलेले थोडे लोक सोडले तर या गावात ही वंदना म्हणणारं कोण होतं? आणि आज रत्नागिरी जिल्ह्यात गावागावात बौद्धवाडी आहे, रविवारी विहारात लहान पोरं हेच शब्द घोकतात. सरकारने राजाला जिथे त्याच्या धर्माचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी आणून टाकलं, आणि गाव मागून स्वतःच्या कारणाने, त्याच्याशी काही संबंध नसताना, त्या धर्माकडे गेलं. याला योगायोगच म्हणायला पाहिजे, पण कबरीपाशी उभं राहून ऐकताना तसं वाटत नाही एवढं खरं.

सरकारी भेटी त्याआधी झाल्याच होत्या. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन आले होते, कबरीवर गेले, राजाच्या वंशजांना भेटले. २०१६ मध्ये मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा वंशज आले आणि तिकडचे मोठे लोक आले, लष्करप्रमुख मिन आंग लाइंगसुद्धा, ज्याने पुढे २०२१ मध्ये सत्ता हातात घेतली. त्या वेळी रस्ते धुतले, रंग दिला, गाड्यांचा ताफा. मी पेपरात फोटो बघितले होते आणि पान उलटलं होतं. राजाला नेऊन मंडालेत ठेवावं अशी चर्चाही तिकडे अधूनमधून निघते. मला विचाराल तर हे ठरवायचा हक्क वंशजांचा, तिकडच्या आणि इकडच्याही, रत्नागिरीतल्या. पण आजवर या देहाबद्दलचा प्रत्येक निर्णय कुठल्या तरी सरकारने घेतलाय, त्यामुळे पुढचाही तसाच होईल असं वाटतं, आणि ज्यांनी सत्ता बळकावली त्यांनी जुन्या राजाची हाडं मिरवत न्यावीत यापेक्षा तो शिवाजीनगरात कुकरच्या शिट्ट्या ऐकत पडलेला बरा. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

राजवाडा राहिलाच त्या दिवशी. सोमवार होता, बंद. बाईंना काही वाईट वाटलं नाही, मलाच वाटलं.

निघताना बाईंनी पुतण्याकरवी विचारलं, इथली थोडी माती नेली तर चालेल का. कुणाला विचारायचं? मी म्हटलं न्या. भिंतीलगतची लाल माती, ओली, चिकट, चिमूटभर नाही चांगली मूठभर. कशात भरायची हा प्रश्न आला. माझ्या पिशवीत आत्याने त्यांच्यासाठीच दिलेली आमसुलांची छोटी बरणी होती. पुतण्याने आमसुलं रुमालात काढली, बाईंनी बरणीत माती भरली, झाकण घट्ट लावलं आणि मग मला सांगितलं कुठे नेणार ते. रंगूनला, राणीच्या कबरीवर. त्यांच्या घरापासून बसने अर्धा तास आहे म्हणे.

काकांनी रिक्षाचे परतीचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी दोघांना गाडीत बसवून घरी आलो तर आत्या ओट्यापाशी, पाठमोरीच, म्हणाली, "दिलीस का रे आमसुलं?"

"दिली."

"आणि बरणी?"

"ती गेली रंगूनला."

आत्या वळली. "झाकणासकट?"